पाणी किती फूट?

शनिवारच्या गोष्टींची पुस्तकं मी बुधवारीच काढते. ऐनवेळी काढली की हाताला लागेल ते घेतलं जातं, आणि मुलांना ते लगेच कळतं. बुधवारी घरी नेते, रात्री ओटा आवरून झाला की मोठ्यानं तीनदा वाचते. जिथं जीभ अडखळते तिथलं वाक्य बोजड आहे असं समजायचं. भाषांतरित चित्रपुस्तकांत हे फार आढळतं. चित्रं देखणी, कागद गुळगुळीत, आणि मजकूर 'त्याने आपली छत्री उघडली व तो आनंदाने मार्गस्थ झाला' असा. 'मार्गस्थ'पाशी पाच वर्षांचं पोर खिडकीबाहेर बघायला लागतं. त्याचं काही चुकत नाही.

आमचं वाचनालय सांगलीतलं, नदीपासून फार लांब नाही. बालविभाग म्हणजे एक खोली, तीन कपाटं आणि एक मोठी सतरंजी. करोनामुळं बंद पडलेला शनिवारचा गोष्टीचा तास २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू केला. महिन्याला एक विषय, चार शनिवार. जूनमध्ये 'आजी-आजोबा' घेतलं, जुलैला अर्थातच 'पाऊस'.

पावसाचं म्हणून जे जे होतं ते टेबलावर काढलं तर सतरा पुस्तकं निघाली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली, ज्योत्स्ना प्रकाशनाची, प्रथम बुक्सची, तुलिकाची, आणि एका सभासदानं मुलगा मोठा झाल्यावर आणून दिलेली चार-पाच परदेशी. सतरा म्हणजे भरपूर वाटतात, पण घ्यायची असतात तीन.

पहिली परीक्षा फरशीची. पुस्तक खुर्चीवर उघडं उभं करायचं आणि आठ फरश्या मागं जायचं. आमच्याकडं शेवटच्या रांगेतलं मूल तिथं बसतं. तिथून चित्रात कोण काय करतंय ते दिसलं नाही तर ते पुस्तक बाजूला. अशी चार गेली. त्यातलं एक तर इतकं नाजूक जलरंगातलं होतं की बाजूला ठेवताना जीवावर आलं. पण ते मांडीवर घेऊन एका मुलाला दाखवायचं पुस्तक आहे, तीस डोळ्यांचं नव्हे. आणखी दोन पुस्तकांत जोडपानाच्या बरोबर मध्यावर, शिवणीत, मुख्य मुलीचा चेहराच गिळला गेला होता. पानावर दहा-दहा ओळी असलेली तीन गेली. आमच्या गटाला पाच ओळींपर्यंत चालतात, त्यापुढं चित्र बघून संपतं आणि आवाज नुसता चालू राहतो.

मग विषयाचा फसवेपणा. नावात पाऊस असला म्हणून पुस्तक पावसाचं होत नाही. एक थेंब मोजायचं अंकांचं पुस्तक होतं, ते गणिताच्या महिन्यात बरं. एकात शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो, पाणी जपून वापरा' असं होतं. शेवटी काठी घेऊन उभी राहणारी पुस्तकं मी गोष्टीच्या तासाला घेत नाही, ती गोष्टीवरचा विश्वास उडवतात. लाल कौलांचं एकटं घर, पिवळा रेनकोट आणि गमबूट असलेलीही दोन होती. रेनकोट आमच्या मुलांकडं असतात, पण आमचा पाऊस गाडीवर बाबांच्या पुढं उभं राहून, डोळे बारीक करून झेललेला असतो.

करता करता चार उरली. एक बेडकांचं, ज्यात मुलांना ओरडायला मिळतं. एक ढगांचं, माहिती देणारं, पण माहिती गोष्टीसारखी देणारं. प्रत्येक वेळी एक तरी असं घेतेच, काही मुलांना खऱ्या गोष्टीचीच ओढ असते. तिसरं गल्लीत पाणी साचतं आणि भावंडं कागदी होड्या सोडतात त्याचं. आणि चौथं पुराचं.

चौथं फरशीच्या परीक्षेत पहिलं आलं होतं. ठसठशीत आकृत्या, पानाला दोन-तीन ओळी. नदी चढते, घरातली माणसं माळ्यावर जातात, मग छपरावर, मग बोट येते, मग ती परत घरी येतात. तीनदा वाचताना माझी जीभ कुठंही अडखळली नाही. तरी गुरुवारी सकाळी मी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

कारण सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती पुन्हा ५० च्या पुढं. माझ्या सतरंजीवर बसणारी मुलं पाच ते सात वर्षांची, म्हणजे दुसरा पूर त्यांच्या डोळ्यांदेखतचा. वर्षही पुरतं सरलं नव्हतं. घाबरली तर काय करायचं, रडायला लागली तर काय, पालक काय म्हणतील, असं सगळं मनात आलं. मुलांच्या वतीनं ठरवून टाकलं आणि खण बंद केला.

शनिवारी बावीस मुलं आली. बाहेर रिपरिप चालू होती, चपलांचा ढीग ओला, सतरंजीला तो विशिष्ट वास. बेडकांनी खोली डोक्यावर घेतली. ढगही चांगले गेले. मग मी होड्यांचं पुस्तक काढलं. तिसऱ्या जोडपानावर गल्ली पाण्यानं भरलेली आहे, दोन्ही बाजूंना घरं, पाणी उंबऱ्याला लागलेलं, आणि मधून तीन होड्या चालल्यात. पुस्तक एका हातानं खालच्या मधोमध धरून मी ते डावीकडून उजवीकडं हळू फिरवत होते. पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं,

"बाई, आयर्विनला किती फूट हाय?"

मला क्षणभर कळलंच नाही. ती चित्राकडं बघत होती. मागनं एकजण म्हणाला, "उंबऱ्याला लागलंय म्हणजे पंचेचाळीस झालं." दुसरा, "आमच्याकडं पंचेचाळीसला न्हाई येत, आमच्याकडं पन्नासला येतं." तिसरी गुडघ्यांवर उठून, "कोयनेचं सोडलंय का?"

सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी 'कोयनेचं सोडलंय का' ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. घरातली मोठी माणसं रात्र रात्र फोनवर हेच बोलत होती, आणि ही पोरं शेजारीच अंथरुणात जागी होती.

मग त्यांनी ते चित्र तपासायला घेतलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. पाणी निळं कसं, तांबडं पाहिजे. वर केंदाळ नाही. ऊस वाहून येतो तो नाही. घरातलं सामान कुणी वर टाकलेलं दिसत नाही. म्हशी कुठं बांधल्यात? आणि मुलं पाण्यात हात घालतायत, साप असतात त्यात! कुणी रडत नव्हतं. कुणी घाबरलेलंही दिसत नव्हतं. एरवी 'सांग बरं, चित्रात काय दिसतंय?' म्हटल्यावर खाली बघणारी मुलं एकमेकांच्या वर आवाज काढत होती, कारण या एका गोष्टीत त्यांना चित्रकारापेक्षा जास्त माहीत होतं.

एक मुलगा उठून भिंतीपाशी गेला. आमच्या खोलीला २०१९ नंतर रंग दिलाय, पण ओल्या दिवसांत पाण्याची रेघ पुन्हा उमटते, फिकट तपकिरी, खिडकीच्या वरच्या गजाला समांतर. तिच्याखाली तो पाठ टेकून उभा राहिला आणि हात वर केला. हात पुरला नाही. मग मला म्हणाला, "बाई, तुमी या." मीही उभी राहिले. माझ्या डोक्याच्या वीतभर वर. खोलीत एकदम शांतता. खालची तीनही कपाटं त्या पाण्यात होती, त्यातलं एकही चित्रपुस्तक बचावलं नाही. चित्रपुस्तकाचा गुळगुळीत कागद भिजला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट होते. ते मी त्यांना सांगितलं. मोठ्या माणसांचीही काही वस्तू गेली होती हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

रुडिन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली मांडलं होतं, की मुलांसाठी पुस्तकं खिडकी असतात तशी आरसाही असतात. बालवाचनालयात काम करणाऱ्या बहुतेकांना हे पाठ असतं. मलाही होतं. आणि आरसा माझ्या टेबलाच्या खणात होता.

काढला. आधी एवढंच म्हटलं, "या पुस्तकात पूर आहे. कुणाला ऐकायचं नसेल तर बाहेरच्या बाकावर ताई बसल्यात, त्यांच्याजवळ जाऊन चित्र काढा." कुणी उठलं नाही. उलट मागची रांग पुढं सरकली.

हे पाणी तांबडं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पुस्तकातली आई कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेते तिथं एकीनं सांगितलं, की तिच्या आईनं गॅसची टाकी वर चढवली. बोट येते त्या पानावर चार-पाच जणांनी आपण बोटीत बसल्याचं सांगितलं, आणि त्यात अभिमान होता. मी वाचायची घाई केली नाही. दोन ओळींचं पान, पण तीन तीन मिनिटं तिथंच.

दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक मुलगा बसतो. आज्जीबरोबर येतो, फारसा बोलत नाही. तो म्हणाला, "मागचं पान दावा."

मागचं पान छपराचं. तो उठून आला आणि कौलांच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं कुत्रं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, कौलांच्याच रंगाचं, पाय पोटाशी घेतलेलं. तीन वेळा वाचून मला ते दिसलं नव्हतं. आठ फरशांवरून तर दिसायची शक्यताच नव्हती.

"आता फुडचं."

पुढचं बोटीचं. आई, बाबा, दोन मुलं, पाटी, गाठोडं, वल्हं मारणारा माणूस. कुत्रं नाही. त्यानं पुढची पानं स्वतः उलटली, शाळेतल्या निवारा केंद्राचं, पाणी उतरल्याचं, चिखल काढतानाचं, शेवटचं चुलीचं. प्रत्येक पान नाकाजवळ नेऊन. मग मला विचारलं, "त्याला नेलं का न्हाई?"

चित्रकार विसरला असेल. किंवा मुद्दाम ठेवलं नसेल. 'नेलं असेल रे' हे अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, "पुस्तकात दिसत नाही. मला माहीत नाही."

मुलांनी ते उचलून धरलं. कुत्र्याला पोहता येतं. शेजारच्या गच्चीवर गेलं असेल. दुसरी बोट आली असेल. तो ऐकत होता, पण त्यातलं काही घेत नव्हता. तास संपल्यावर त्यानं पुस्तक घरी मागितलं. मी देवघेवीच्या वहीत दाखल क्रमांक लिहिला, आणि आज्जी सही करताना आपणहून म्हणाल्या,

"गेल्या साली मोत्याला बोटीत घेतलं न्हाई बाई. माणसंच मावंनात. पाणी उतरल्यावर लई हुडकला."

पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दोघं छत्रीत गेली. मी सतरंजी झटकायची ती तशीच ठेवून किती वेळ बसून होते.

पुढच्या शनिवारसाठी मी पावसाचा विषय तसाच ठेवला, पण बुधवारी पुस्तकं वेगळी काढली. नदीची दोन, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची एक गोष्ट. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या असतात, त्यामुळं चित्रं मोठ्या कागदावर छापून घेता येतात. आणि आता प्रत्येक पुस्तक मी आठ फरश्यांवरून बघून झालं की नाकाजवळ नेऊनही बघते, कोपरा न् कोपरा.

तो मुलगा आला. पुस्तक परत केलं. परत आलेलं पुस्तक मी नेहमी पानं उलटून बघते, फाटलंय का, रेघोट्या आहेत का. बोटीच्या पानावर थांबले. आईच्या काखेशी, गाठोड्याला टेकून, पेन्सिलीनं काढलेलं कुत्रं होतं. कान जरा जास्तच मोठे. शेपूट बोटीच्या काठावरून बाहेर आलेली. पेन्सिल दाबून, पुन्हा पुन्हा गिरवलेली, कागदाला मागून हात लावला तर उठाव लागत होता.

पुस्तक रंगवलं, त्यावर लिहिलं, की आमच्याकडं वहीत 'खराब' असा शेरा मारून दंड घेतात. तो टेबलासमोर उभा होता, माझ्याकडं नाही, पानाकडं बघत. मी वहीत 'परत' लिहिलं, तारीख घातली आणि पुस्तक कपाटात न ठेवता गोष्टींच्या पेटीत ठेवलं.

ते अजून तिथंच आहे. जुलैतल्या एका शनिवारी ते वाचते. छपराच्या पानावर थोडी जास्त थांबते, कुणाला कुत्रं दिसतंय का बघते. ज्याला दिसतं तो पुढच्या पानावर माझ्याआधी बोटीत शोधायला लागतो.