कीर्ती म्हणजे प्रसिद्धीच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे लोक मला ऱ्हस्व-दीर्घाचंच विचारत असतील असं वाटेल. पण हटकून येणारा प्रश्न वेगळाच असतो: "कीर्ती काय नि प्रसिद्धी काय, एकच ना हो? कुठलाही शब्द टाकला तर चालेल ना?"

नाही चालत. दोन्हींशी कुठलं क्रियापद जमतं ते बघा. प्रसिद्धी देता येते. पुस्तक प्रसिद्ध करता येतं, प्रसिद्धिपत्रक काढता येतं. टेबलाशी बसून उरकण्यासारखं काम आहे ते. कीर्ती पसरते, कानावर येते. कीर्तिपत्रक काढलेलं मी तरी पाहिलेलं नाही. संस्कृतात 'कीर्त्' म्हणजे सांगणं, नाव घेऊन वाखाणणं. कीर्तन त्याच धातूचं, आणि कीर्तनकार काही स्वतःचं आख्यान लावत नाही. (आख्यानातला 'ख्या'सुद्धा सांगण्याचाच, ख्याती त्यातूनच आली.) थोडक्यात, कीर्तीला सांगणारा दुसरा कुणीतरी लागतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला भीती घालतो तीही हीच: 'अकीर्तिं चापि भूतानि कथयिष्यन्ति'. लोक तुझी अपकीर्ती सांगत राहतील. तिथेही क्रियापद 'सांगण्याचं'च आहे.

खरी गंमत मात्र 'यश' या शब्दाची. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती आणि अपयश म्हणजे दुष्कीर्ती. हिंदीतही तसंच. मराठीत मात्र यश म्हणजे काम फत्ते होणं आणि अपयश म्हणजे ते फसणं. परीक्षेत 'अपयश आलं' हे आपण सहज म्हणतो, त्यात बदनामीचा वासही नसतो. म्हणून अकराव्या अध्यायातलं 'यशो लभस्व जित्वा शत्रून्' वाचताना मराठी माणूस फसतो. शत्रूला जिंकणं 'जित्वा'मध्ये आधीच आलंय; 'यशो लभस्व' म्हणजे नाव कमाव. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चांगलाच ओशाळलो होतो, कारण तोवर कितीतरी जणांना चुकीचा अर्थ ठणकावून सांगून झाला होता. जुना अर्थ मराठीतून पुरता गेलाय असंही नाही. 'प्रथितयश लेखक' म्हणताना तो अजून डोकावतो.

रोजच्या बोलण्यात यांतला एकही शब्द फारसा येत नाही. तिथे 'नाव' असतं. नाव झालं, नाव काढलं, नाव राखलं, नाव घालवलं. मला हाच शब्द सगळ्यांत आवडतो, आणि त्याचं अनेकवचन तर फारच: एखाद्याचं नाव झालं की लोक लगेच त्याला नावं ठेवायला लागतात.

लेखनाचं विचारणार असालच, तर कीर्तीतली पहिली वेलांटी नेहमी दीर्घ. 'किर्ती' आणि 'किर्तन' ही दोन्ही रूपं चूक. शेवटची वेलांटी सुटा शब्द असताना दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व: कीर्तिस्तंभ, कीर्तिरूप. प्रसिद्धिपत्रकाचंही तसंच.

आणखी एक, लिहिताना जरा जपून. कीर्ती हा शब्द तिरकस फार लवकर होतो. 'त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली' हे गौरवाचं. 'तुमच्या चिरंजीवांची कीर्ती कानावर आली' हे ऐकून बापाच्या पोटात गोळा येतो. मध्यंतरी एका अनोळखी गृहस्थांनी फोनवर सुरुवातच केली, "तुमची कीर्ती ऐकून आहे." त्यांचं हस्तलिखित मी दोन महिने अडकवून ठेवलं होतं. तेव्हा पुढचं वाक्य येण्याआधीच मी माफी मागून टाकली.