तुम्ही विचारलंत म्हणून: पोट भरल्यावरही हात का जातो?

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, झाली की हा प्रश्न ठरलेला. धुळ्यात ३० वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे पंगतीतसुद्धा कुणीतरी शेजारी सरकून विचारतंच, "सर, पोट टम्म झालंय, तरी मांडा दिसला की हात जातो. हे काय आहे?" आमची आई म्हणायची, "पोट भरनं, पन जीव भरत नही." माझं उत्तर जवळपास तेच आहे, फक्त थोडं लांब.

आमच्याकडे आखाजीला अंगणातल्या चुलीवर मातीचं खापर पालथं पडतं. माहेरी आलेली बहीण पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत वाढवते आणि अलगद खापरावर सोडते. मांडा फुगतो, त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि खरपूस वास गल्लीच्या तोंडाशी जातो. तिथेच माझ्या तोंडाला पाणी सुटतं, अजून घासही खाल्लेला नसतो. मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत हेच टिपलं. आधी फळांचा रस मिळाला की डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक निरोप्या रसायन, सोडणाऱ्या पेशी चेकाळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, तशा त्या दिव्यालाच चेकाळू लागल्या, रसाचं त्यांना काही राहिलं नाही. माझा दिवा म्हणजे हा वास.

डोपामिनला सरसकट आनंदाचं रसायन म्हणतात ते मला पटत नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर तपासले. समोर अन्न असून ते तोंड लावत नव्हते. पण गोड थेंब जिभेवर सोडला की मिटक्या पूर्वीसारख्याच! आवड शाबूत होती, ओढ गेली होती. आईचा 'जीव' म्हणजे ही ओढ.

ही ओढ आली कुठून? माणसाचा मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण बसल्या बसल्या सुमारे २० टक्के ऊर्जा फस्त करतो. रानात पिकलं फळ कधीमधी, चरबी त्याहून दुर्मीळ. मिळालं तेव्हा भुकेपेक्षा जास्त खाणारे पुढचे उपाशी दिवस काढू शकले, त्यांचीच लेकरंबाळं जास्त उरली. मांजर मात्र शिकारीवर जगणारं, त्याचं गोडाची चव ओळखणारं जनुकच निकामी झालंय. आमची मनी पुरणाकडे बघतही नाही, तुपाने माखलेली कड तेवढी चाटते.

वडिलांनी १९७२चा दुष्काळ मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर काढला. शेवटपर्यंत ते ताट बोटाने पुसून घ्यायचे. आपली हाव तिथून आली असं मला वाटायचं. पण ती त्यांची एका आयुष्यात शिकलेली धास्ती होती. ओढ तर मी दुष्काळ न कळताही घेऊन आलोय.

त्यात मांडा म्हणजे कहर. निसर्गात साखर फळात सापडते, चरबी मांसात नाहीतर दाण्यात, आणि दोन्ही एकत्र भेटतात ती मुख्यतः दुधात. इथे गूळ, तूप आणि बाजूला आमरसाची वाटी!

यंदा मी ठरवून दोन मांड्यांवर थांबलो. ताट मोरीत ठेवलं, हात धुतले, ओट्यावर येऊन बसलो. तेवढ्यात बहिणीने टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं.