नारळ सोसत नाही

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी सहाला आईचा फोन. "दंडवत प्रणाम." आमच्या घरी फोनवर हॅलो म्हणत नाहीत. मीही झोपेतच दंडवत म्हटलं. आज भाद्रपद शुद्ध द्वितीया, आमचा महानुभाव पंथ ज्यांनी सुरू केला त्या चक्रधर स्वामींचा अवतारदिन. गावच्या आश्रमात उपहार, म्हणजे नैवेद्य आणि पंगत आहे. बाबा पहाटेच गेले, ती निघतच होती.

"स्मरण करतं ना वं?"

"हो."

हे हो अगदीच खोटं नाही. लिफ्ट अडकली किंवा लेकीला ताप चढला की नाव आपोआप ओठांवर येतं. पण सकाळ-संध्याकाळ बसून करायचं ते बंद होऊन सात वर्षं झाली. आईला माहीत नाही. किंवा असेलही. तिला काय माहीत नसतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि परवा गणपती. दरवर्षी हे असंच येतं. द्वितीया माहेरची, चतुर्थी सासरची, मधली तृतीया माझी एकटीची.

२६ ऑगस्ट, मंगळवार

शेजारणींची हरतालिका. मी इडली-सांबार खाऊन लिहायला बसले आहे.

महानुभाव म्हटलं की पुण्यात लोक विचारतात, "म्हणजे ते काळे कपडेवाले ना?" काळे कपडे संन्यासी घालतात. आम्ही वासनिक, घरदार सांभाळणारे. लोकांना आमचा पंथ माहीत नसला तरी आमच्यावरून पडलेला शब्द बरोबर माहीत असतो. मानभावी. वरून गोड, आतून वेगळा. कसाबाची करणी नि मानभावाची बोलणी ही म्हण तर शाळेत फळ्यावर लिहून अर्थ विचारला होता, आणि वर्गात आम्ही तीन मुलं पंथाची होतो. मी बोट वर केलं नाही.

घरातली शिकवण स्पष्ट होती. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर, चार वेगवेगळ्या गोष्टी, चारही अनादि, कधी एकात एक मिसळत नाहीत. मोक्ष देणार तो फक्त परमेश्वर. देवता खोट्या नाहीत, हे बाहेरच्यांना कळत नाही. गणपती आहे, देवी आहे, पण त्यांच्याजवळ देण्यासारखं आहे ते नासणारं. म्हणून त्यांना हात जोडायचे नाहीत, त्यांचा प्रसाद खायचा नाही. शाळेत सरस्वतीपूजन झालं की मी हात मागे बांधून उभी. सत्यनारायणाचा शिरा हातावर पडला की मूठ मिटून घरापर्यंत न्यायचा आणि गायीला घालायचा. साजूक तुपाचा वास तळहाताला संध्याकाळपर्यंत यायचा. ती गाय मात्र आमच्या आळीत सगळ्यांत गुबगुबीत होती.

शंका कुठून सुरू झाली? माझी तर आकड्यावरून. देवता किती, तर ८१ कोटी, सव्वा लाख आणि वर दहा. कोटी-लाखाचं मला काही वाटलं नाही. ते दहा खुपले. मी दहा वर्षांची असेन, आजीला विचारलं, वरचे दहा मोजले कोणी? आजीने वाती वळता वळता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लय शायनी झाली वं तू." उत्तर दिलं नाही. रागावलीही नाही, हे नंतर कित्येकदा आठवलं.

दुसरी गोष्ट एवढी हलकी नव्हती. मैत्रिणीची आई वारली. शाळा सुटली की ती मला ज्वारीची भाकर आणि ठेचा द्यायची. तिच्या घरात दहा दिवस गणपती, नऊ दिवस घट. मी आजीला विचारलं, काकू कुठे गेली असेल. आजी म्हणाली, तिचं देवतेचं फळ तिला मिळेल, मग पुन्हा फेरा. हे ती दुष्टपणे बोलली नाही, बाजारभाव सांगावा तसं बोलली. मी रात्रभर जागी. मला त्या वेळी परमेश्वराचा राग आला नाही, भाकरीचा हिशोब कुणीच धरला नाही याचा आला.

तरी हेही लिहायला हवं, की मैत्रिणी महिन्याचे चार दिवस बाहेर पोत्यावर बसायच्या तेव्हा आमच्या घरी मी चुलीशी बसून भाकरी थापत असायचे. नाकाडोळ्यांतून मळ येतो तसाच हाही शरीराचा धर्म, त्याचा विटाळ धरू नये, हे चक्रधरांनी तेराव्या शतकात सांगितलं आणि आजीने ते पाळलं. ज्या घराने मला शिरा खाऊ दिला नाही, त्याच घराने मला कधी बाहेर बसवलं नाही. ही दोन वाक्यं मी अजून एका ओळीत नीट बसवू शकलेले नाही.

सोळाव्या वर्षी उपदेश घेतला, म्हणजे रीतसर पंथाची झाले. तिशीत लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींची पोथी, पहिल्यांदा मुळातून वाचलं, पारायणासाठी नव्हे, गोष्ट म्हणून. स्वामी उत्तरेला निघून गेल्यावर, इ. स. १२७८ च्या सुमारास, त्यांचे शिष्य म्हाइंभट आठवणी गोळा करत गावोगाव फिरले. ज्याने पाहिलं-ऐकलं त्याला विचारायचं आणि टिपून घ्यायचं. पुढे मूळ पोथी हरवली, ती आठवणीतून पुन्हा उभी केली, म्हणून पाठ वेगवेगळे झाले. एकाला असं आठवतं, दुसऱ्याला तसं, आणि दोन्ही लिहून ठेवलेलं. घरी मला एकच उत्तर मिळत होतं आणि पोथीत दोन-दोन होती. कुणाला धक्का बसला असता, मला पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

आणि रिद्धपूरचे गोविंदप्रभू, चक्रधरांचे गुरू. त्यांचंच दुसरं नाव गुंडम राऊळ. लोक त्यांना वेडे-पिसे म्हणत. लहान मुलासारखे हट्ट करायचे, मनाला येईल त्या घरात शिरायचे, महारवाड्यातही जायचे, कुणाच्याही हातचं खायचे. आमच्या पाच अवतारांतला हा चौथा. बाकी सगळं सैल झालं तरी हे म्हातारबुवा माझ्यातून जात नाहीत. जो कुणाच्याही घरी जेवला त्याची मी भक्त, आणि मी मोदक गायीला घालणार.

२७ ऑगस्ट, बुधवार, रात्री

खाल्ला.

आधी नारळाचं लिहिते. लग्नाआधी सासूबाईंना पंथाचं सांगितलं होतं, त्या "असू दे की" म्हणाल्या. पण नैवेद्याच्या ताटाला नाही म्हणणं प्रत्येक वर्षी कसं जमणार? तेव्हा आईनेच तोड काढली. सांगून टाकलं, पोरीला नारळ सोसत नाही. बारा वर्षं मोदक, खिरापत, नारळीभात सगळं त्या एका वाक्यावर टळलं. एकदा जाऊबाईंनी मला डोशाबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी वाटीभर खाताना पाहिलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी चटणी वाढली. फळ्यावरची ती म्हण मला त्या दिवशी पटली.

आज आरतीनंतर मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात पाण्याचे पेले भरत होते. सासूबाई आल्या. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलंय, लेकीला कधी नणंदेच्या नावाने हाक मारतात. हातात मोदक, त्यावर तूप ओघळतंय. "तू राहिलीस बघ," म्हणाल्या आणि माझ्या तोंडाशी धरला. हात थरथरत होता. बारा वर्षांचं ते वाक्य त्या विसरल्या होत्या.

मी तोंड उघडलं.

मागून जाऊबाई ओरडल्या, "अहो आई, तिला नारळ सोसत नाही!" बाहेरचे सगळे आत बघायला लागले. नवरा दारात. मी चावत होते. लहानपणी वाटायचं, असं काही केलं तर काहीतरी कोसळेल. मला आठवली ती फक्त आजी, वाती वळणारी. आणि खरं सांगायचं तर सारण जरा कोरडं होतं, वेलदोडा जास्त झाला होता. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी मूठ मिटली, ते निदान चांगलं तरी व्हायला हवं होतं.

गणपतीला हात मात्र जोडले नाहीत. मनात काही उठलंच नाही. तेही खोटं करायचं नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार

चार दिवस काढले. आज आईला फोन केला. लेकीने आधी "दंडवत आजी" ठोकलं आणि खाली सोसायटीच्या आरतीला पळाली.

मग सांगितलं. मोदक खाल्ला, आणि स्मरणाचंही सांगितलं, सात वर्षांचं. पलीकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. एक, दोन.

"सासूनं देल्ला?"

"हो. त्यांच्या लक्षात नव्हतं."

"हात कापते का वं त्यायचा अजून?"

"कापतो."

आई बराच वेळ गप्प. मला वाटलं रडते आहे. मग तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुह्या बाबाले नोको सांगू. मी पाह्यतो कसं सांगाचं ते." आणि जरा थांबून, "पण त्या घरात आता नारळाचं काय सांगशीन?"