पूर्ण सोललेली टोकं

दहावीच्या मुलांना डिप्लोमाची माहिती द्यायला तंत्रनिकेतनातून आम्हाला गावोगावच्या शाळांत धाडतात. सोबत माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन. त्यातलं कामाचं एवढंच: दहावीला किमान ३५ टक्के, ३ वर्षं, ६ सत्रं, पुढे पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बाकी इमारतीचे फोटो. एसटीच्या खिडकीतून शेतं बघावीत तसे मुलं ते बघतात. म्हणून इलेक्ट्रिकलची ओळख मी मोटर करायला लावूनच करून देतो.

प्रत्येक गटाला एक मोठा दीड व्होल्टचा सेल, एक चपटं फेराइटचं चुंबक, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर आणि २६ गेजची सव्वा मीटर इनॅमल तार, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या लेपाची तांब्याची तार. सेलवरच दहा वेढे घ्यायचे, कॉईल काढून दोन्ही टोकांनी बांधायची आणि उरलेली टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. रबराने पिना सेलच्या दोन बाजूंना बसवायच्या, टोकं त्यांच्या कड्यांत टेकवायची, खाली चुंबक. सगळी गोम सोलण्यात असते. एक टोक पुरतं सोलायचं. दुसऱ्यासाठी कॉईल उभी धरायची, तार बाकाच्या कडेला ठेवायची आणि फक्त वरची अर्धी बाजू ब्लेडने खरवडायची. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात करंट, अर्ध्यात नाही. दोन्ही टोकं पूर्ण सोलली तर दर अर्ध्या फेऱ्याला जोर उलटतो आणि कॉईल नुसती हेलकावते. अशी अडकलेली कॉईल म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट. सेल बोटाला चटका देईल इतका तापतो, म्हणून दहा सेकंदांच्या वर जोडून ठेवू देत नाही.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने ब्लेड घेतलंच नाही. काडी पेटवून तिने टोकावरचं इनॅमल जाळलं आणि काजळी पॉलिश पेपरने पुसली. दोन्ही टोकं लखलखीत तांबडी. वडलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान; जोड द्यायचा तर तार चारी बाजूंनी स्वच्छ हवी, हे तिने तिथं पाहिलेलं.

‘‘ही फिरायची नाही,’’ मी म्हणालो.

तिने बोटाने टिचकी मारली. कॉईल फिरली. पिनांवर टणटण उडत, पण फिरत राहिली.

‘‘सर, मग अर्धं कशाला सोलायचं?’’

मी म्हणालो, उडताना संपर्क तुटत असणार. ती म्हणाली, ‘‘काजळी राहिली असेल तर? मीटर आहे का, सर? बझरवर ठेवून हळूहळू फिरवून बघू, संपर्क तुटला की आवाज थांबेल.’’ इलेक्ट्रिकलचा अधिव्याख्याता, पिशवीत दोनशे माहितीपत्रकं आणि मल्टीमीटर नाही. तेवढ्यात शाळेचे सर म्हणाले, पुढचा तास गणिताचा आहे, आणि ही तर गणितात काठावर. हे तिच्यासमोरच. निघताना मी त्यांना म्हटलं, आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट येता येतं. तर म्हणाले, मुलीला वायरमन कोण करतंय! विज्ञान शिकवणारा माणूस हे बोलतो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टोकं जाळून पाच कॉईल केल्या. तीन हेलकावल्या, दोन फिरल्या. फिरणाऱ्या दोन्हींच्या टोकांना किंचित बाक होता. एकीचा बाक काढला, ती थांबली. वाटलं, सुटलं कोडं. दुसरीचा काढला, तरी ती फिरतेच आहे. बझरवर हाताने फिरवली तर पूर्ण फेरीभर आवाज सलग, म्हणजे कुठे इनॅमल राहिलंय असंही नाही. पण हाताने फिरवताना ती उडत नाही, तेव्हा या तपासणीने उडण्याबद्दल काहीच कळत नाही.

दोन्ही कॉईल पाकिटात घातल्यात, वर शाळेचा पत्ता आणि तिची इयत्ता. सोबतच्या चिठ्ठीवर पहिल्या कॉईलबद्दल चार ओळी लिहून झाल्यात. दुसरीपाशी अडलंय.