पिशवी उपडी केल्यावर

कोपरखैरण्याच्या एका बैठ्या घरातून बोलावणं आलं. बाबा रात्रीचे पडतात, कमोडची खुर्ची घ्यावी का, एवढंच विचारायचं होतं. वय ७६, उभी हयात वाशी मार्केटात माथाडी. सून म्हणाली, "अहो सिस्टर, वयच झालंय त्यांचं."

वयाने चाल मंदावते. पहाटे अंथरुणातून उठल्या उठल्या मोरीच्या दारात माणूस कोसळतो, त्याला बहुधा दुसरं कारण असतं. म्हणून प्रेशर बसवून न घेता आधी पाच मिनिटं आडवं ठेवून घेतलं: १५२/८४. मग उभं करून, एका मिनिटाने १२४/७२, तिसऱ्या मिनिटाला ११८/७०. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तरी दखल घ्यायची. इथे वरचा ३४ने उतरलेला, म्हणजे उभं राहताच प्रेशर घसरून घेरी येत असणार. उभ्याने मोजताना हात छातीच्या पातळीला धरायचा. लोंबता ठेवला तर आकडा जास्त येतो आणि उतरलेलं प्रेशर झाकलं जातं. पाठीशी मुलाला उभं केलं होतं, नाहीतर तपासणीतच पडायचे.

मग औषधांची पिशवी चटईवर उपडी केली. 'काय काय घेता?' विचारून निम्मंच कळतं. नाक्यावरच्या दवाखान्यातली प्रेशरची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५, आणि कुठल्याशा शिबिरातली टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे प्रेशरचीच दोन औषधं एका गोळीत. नावं निराळी, रंग निराळे, आत तेच औषध दुप्पट. शिवाय प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. तीही रक्तवाहिन्या सैल करून प्रेशर उतरवू शकते. तिन्ही झोपताना एकदम, लक्षात राहतं म्हणून. वर रात्री उठायला नको म्हणून दुपारी चारनंतर पाणी बंद!

गोळी परस्पर बंद करायची नसते. प्रेशर चढून लकवा मारला तर? सगळ्या पट्ट्या आणि लिहिलेले आकडे देऊन मुलाला त्याच संध्याकाळी बाबांसह डॉक्टरांकडे धाडलं. सुटी अ‍ॅम्लोडिपिन थांबली, टॅम्सुलोसिन रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासावर आली.

घरात करायचं ते एवढंच: उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, पावलं दहा-बारा वेळा वर-खाली हलवायची, मग खाट धरून उभं राहायचं आणि घेरी नाही ना पाहून पाऊल टाकायचं. दिवसभराचं पाणी संध्याकाळच्या आत पुरं करायचं. मोरीच्या उंबऱ्याशी दिवा, उशाशी लघवीचं भांडं. भांड्यावर बाबा भडकले. "शंभर किलोची पोती वाहिलीत मी!" मग नातवाने दटावलं तेव्हा कुठे गप्प बसले.

आठवड्याने आडवं १४६/८२, उभ्याने १३४/७८. पण थांबवलेल्या अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी अजून पिशवीतच होती. विकतची गोळी वाया कशाला, म्हणून अशा पट्ट्या खाल्ल्या जातातच. ती मुलाच्या हाती देऊन घराबाहेर काढायला लावली.