रात्रीचं रक्त

हत्तीरोगाच्या तपासणीला आम्ही रात्री दहानंतर दार वाजवतो, त्यामुळे लोक वैतागतात. "दिवसा या ना!" दिवसा येऊन उपयोग नसतो. हा रोग बारीक जंतांमुळे होतो. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान कातडीजवळच्या रक्तात उतरतात. रोग पसरवणारा क्यूलेक्स डासही नेमका रात्रीच चावतो. कायम रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांत हे वेळापत्रक उलटं होऊ शकतं.

ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जंत आधी दिसतच नाही. लाल पेशी दिसतात, आणि त्यातल्या एका जागच्या पेशी उगाच धक्के खात असतात. तिथं नजर रोखली की वळवळणारी रेघ सापडते, पाव मिलिमीटरच्या आसपास लांब. गिम्सा या रंगाने रंगवल्यावर ती निमूट पडते, मग शेपटीचं टोक बघायचं: केंद्रकं नसतील तर वुचेरेरिया, दोन सुटी दिसली तर ब्रुगिया, या जंताच्या दोन जाती. अहवाल रंगवलेल्या स्लाईडवरच देते, पण जमेल तेव्हा ताजा थेंब मी ज्याचा त्यालाच दाखवते. धडधाकट माणूस "मला काय झालंय, गोळ्या कशाला?" म्हणत असतो, तो ते बघून गप्प होतो.

आणि मला हवा असतो तो हाच धडधाकट माणूस. लोक बोट दाखवतात सुजलेल्या पायाकडे, त्याच्या शेजारी बसायला टाळतात. खरं तर पाय हत्तीसारखा होईपर्यंत रक्तातले जंत बहुधा संपलेले असतात, त्याच्याकडून डासाला काही मिळत नाही. डासाला माल पुरवतो तो काहीच त्रास नसलेला.

मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात हजारोंनी वाढतो, त्यामुळे एक चावाही पुरतो. हत्तीरोगाचा जंत डासात मोठा होतो, पण वाढत नाही संख्येने. शिवाय तो सोंडेतून टोचलाही जात नाही. कातडीवर उतरतो आणि चाव्याच्या भोकातून स्वतः आत शिरतो. म्हणून लागण व्हायला महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चावे लागतात. पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरने 1877 मध्ये हा जंत डासात वाढताना पाहिला, पण त्याला वाटलं की मेलेल्या डासांचं पाणी पिऊन तो माणसात येतो. एवढं दिसूनही शेवटची पायरी निसटली बिचाऱ्याची.

आत शिरून प्रौढ झालेले जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत, सहा ते आठ वर्षं राहतात. वाहिन्या सैल पडतात, पाणी साचतं. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते. पायाची जुनी सूज मात्र गोळीने उतरत नाही. तिथं रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, पाय उंच ठेवणं हाच इलाज. कंटाळवाणा आहे, पण भेगांतून जिवाणू शिरून येणारे तापाचे झटके त्यानेच कमी होतात.

डीईसी या जंत मारणाऱ्या गोळीनंतर एखाद्याला ताप, डोकेदुखी होते आणि "औषध बाधलं" अशी बोंब उठते. बहुतेकदा तो त्रास मरणाऱ्या जंतांमुळे असतो, आणि एक-दोन दिवसांत जातो. ज्याच्या रक्तात जंतच नाहीत त्याला सहसा काही होत नाही. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी यांना ही गोळी आम्ही देतच नाही. बाकीच्यांना मी माझ्यासमोरच, जेवण झाल्याचं विचारून, गिळायला लावते. खिशात ठेवलेली गोळी सकाळी घेतो म्हणणारे मला पाठ आहेत.