भाताची मूद

अप्पा बळवंत चौकातून नातीसाठी फ्लॅशकार्डांचा खोका आणला. सव्वीस अक्षरं, सव्वीस गुळगुळीत चित्रं. आमची इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. हिचं तर शाळेत जायच्या आधीच सुरू.

'आय'चं कार्ड समोर धरलं. "भात!" नात म्हणाली. बघते तर खरंच, वाटीने पाडलेली पांढरीशुभ्र मूद. वरण-तूप तेवढं राहिलं होतं. बर्फाचं घर म्हणजे काय, हे पुण्याच्या एप्रिलमध्ये कसं सांगणार? फ्रीजर उघडून दाखवला, तर आठवडाभर फ्रीजच इग्लू झाला. आणि 'एक्स'ला झायलोफोन! त्या शब्दात एक्सचा 'क्स' कुठे ऐकूच येत नाही, येतो तो 'झ'. त्यापेक्षा 'बॉक्स' काय वाईट होता? शेवटी का होईना, 'क्स' ऐकू तरी येतो.

पण पंधरा दिवसांत ती घडाघडा बोलायला लागली. मी शेजारणीला बोलावून कौतुक दाखवलं. कार्ड पालथंच होतं, तरी ही ओरडली, "याक!" उलटून बघितलं, याकच. शेजारीण थक्क. मला मात्र त्या पाठीवरचा डाग ओळखीचा वाटला. माझ्याच चहाचा.

मग घरीच कार्डं केली, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. पेरू, छत्री, झाडू, पाल. पोळीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर घरात वाद पेटला, ते कार्ड रद्द. "कुकरला इंग्रजीत काय?" "कुकरच." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ साली सांगितलेली एक पद्धत आहे: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात, पुढचे कप्पे उशिराने उघडायचे. आमच्याकडे कप्प्यांऐवजी चिवड्याचे तीन रिकामे डबे. रोजचा, एक दिवसाआडचा आणि रविवारचा. पालीचं कार्ड काही केल्या रोजच्या डब्यातून हलेना. माझं चित्रच तसलं. जावई त्याला सुसर म्हणाले.

परवा रात्री ट्यूबलाइटमागून एक धष्टपुष्ट पाल निघाली. मी खुर्चीवर चढले. नात जागची हलली नाही. "आजी, लिझर्ड!" म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून रविवारचा डबा घेऊन आली. झाकण काढून.